हजेरीतला मंगळवार

भोरहून आंबवड्याला जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटतो, त्या फाट्यानं आत गेलं की ओढ्याच्या अलीकडं भाताची गिरणी आहे. तिथं मी मिस्त्री आहे. मिस्त्री म्हणजे यंत्र माझ्या हातात. भात किती वाळलंय ते एक दाणा दाताखाली धरून बघायचं, त्यावरून रबराचे रोल किती जवळ आणायचे ते ठरवायचं आणि मग कान लावून उभं राहायचं. रोल फार जवळ आले तर तांदळाची कणी होते, लांब राहिले तर भात सालासकट खाली येतं. आवाजावरून कळतं. हे मला कुणी कागदावर लिहून दिलेलं नाही. माझी शाळा तिसरीतच सुटली. सही येते, पाटी वाचता येते, बाकी सगळं कानानं शिकलो.

बावीस वर्षांत माझा एक खाडा नाही. ताप अंगात असताना गेलो, पुलावर पाणी होतं तेव्हा वरच्या अंगानं लांबचा वळसा घालून गेलो. बायको गेली तेव्हा मोठ्या शेठनी दहा दिवस गिरणीच बंद ठेवली, म्हणून तोही खाडा धरत नाहीत. मोठे शेठ आता नाहीत, त्यांचा मुलगा गिरणी बघतो. त्यालाही मी शेठच म्हणतो, जरी त्याला मी तुसाच्या ढिगावर घसरगुंडी खेळताना बघितलंय.

गिरणीत आम्ही चौघं. मी, दोघं भाऊ हमाल, ते वेल्ह्याच्या अंगाचे, गिरणीमागच्या खोलीत राहतात, आणि चाळणीवर एक बाई. तिला सगळे आक्का म्हणतात, मीही म्हणतो, वयानं मी पंधरा वर्षांनी मोठा असलो तरी. ओढ्यापलीकडं बुद्धविहाराला लागून तिचं घर. नवरा वारलेला, लेक किकवीला दिलेली. यंत्रातून तांदूळ पडला की तो चाळणीवर येतो आणि आक्का त्यातले खडे, न सोललेलं भात, काडी-कचरा हातानं काढते. तिच्या हाताला डोळे आहेत असं मोठे शेठ म्हणायचे. पण चाळणी जिथं आहे तिथंच सगळी धूळ उतरते. तुसाची धूळ साधी नसते, तिला कुसं असतात. घशात गेली की निघत नाही.

दिवाळीनंतर हंगाम जोरात आला तेव्हा आक्काचा खोकला वाढला. भोरला सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरनं छातीला नळी लावून बघितलं आणि सांगितलं, हे काम सोडा, सोडता येत नसेल तर आठवड्यातनं एक दिवस तरी धुळीत जाऊ नका, छातीला उसंत मिळू द्या. तीन दिवस ती आली नाही. चौथ्या दिवशी आली तर चाळणीवर दुसरीच बाई बसलेली. आक्कानं शेठला हात जोडले, मग जागा परत मिळाली. शेठ वाईट माणूस नाही, पण तो म्हणाला, "आक्का, हंगामात असं करू नका. परत खाडा झाला तर मला पण इलाज नाही."

म्हणजे तिचं असं झालं, की एक दिवस घरी राहावं तर जागा जाते, न राहावं तर छाती जाते. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आणि मी तिला काय म्हणालो असेन? म्हणालो, "आक्का, बावीस वर्षं झाली, म्या एक खाडा केला न्हाई. माणसानं मन घट्ट करावं."

ती चाळणीवरून मान वर न करता म्हणाली, "तुमचं बरं हाय मिस्त्री. तुमी दारापाशी उभं ऱ्हाता, वारं लागतंय. माझं तोंड चाळणीत असतंय. मन कुठवर घट्ट करू, नाकातनं तर जातंय."

मला ते बोलणं लागलं. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. माझा स्वभाव असाच आहे.

पौषात एक दिवस शेठनं आम्हाला पोत्यांवर बसवलं आणि चहा मागवला. आमच्याकडं मधल्या वेळेला चहा आला म्हणजे काहीतरी अवघड सांगायचं असतं.

"तालुक्यात लेबर ऑफिसच्या मॅडम फिरतायत," शेठ म्हणाला. "किकवीला दोन ठिकाणी जाऊन आल्या. आपल्याकडं पण येतील. सुट्टी कधी असते विचारलं की सांगायचं, मंगळवारी."

थोरला हमाल जरा आगाऊ आहे. तो म्हणाला, "शेठ, मंगळवार तर भोरचा बाजार. सगळी दुनिया त्याच दिवशी भात घेऊन येती. मंगळवारी जीव जातोय आमचा."

"अरे, पुण्याचे हिशेबनीस रजिस्टर लिहितात. त्यांना कुठला बाजार माहीत? त्यांनी मंगळवार टाकला. आता वर्षभराचं खोडता येत नाही."

"मग त्यांना म्हणावं, एकदा मंगळवारी या आणि आमची सुट्टी बघून जा. पोतं पण देऊ एक पाठीवर."

सगळे हसले, शेठही हसला. मी हसलो नाही. म्हणालो, "शेठ, म्या खोटं बोलणार न्हाई. चहाडी पण करणार न्हाई. मला विचारलं तर गप बशीन."

"तेवढं केलंत तरी लई झालं," शेठ म्हणाला.

मॅडम गुरुवारी आल्या. वडापच्या जीपनं फाट्यापर्यंत आणि तिथून चालत. तिशीच्या असतील, खांद्याला बॅग, पायात साधी चप्पल, ती रस्त्याच्या धुळीनं भरलेली. शेठनं ऑफिसात खुर्ची पुढं केली तर त्या बसल्याच नाहीत, आधी आत यंत्रापाशी आल्या. ओढणी नाकाला लावून उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. मला वाटलं होतं, येतील, कागद बघतील, सही करून जातील. त्या माझ्या यंत्राचा मोठा पट्टा बघत होत्या.

"ह्या पट्ट्याला जाळी का नाही?"

मी म्हणालो, "बावीस वर्षं असाच हाय. कुणाचा हात गेला न्हाई."

"गेल्यावर जाळी बसवून काय करणार, आजोबा?"

"आजोबा घरी. हितं मिस्त्री."

त्या हसल्या. "बरं, मिस्त्री." आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग शेठला म्हणाल्या, "तुम्ही ऑफिसात बसा, मी ह्यांच्याशी बोलते. यंत्र थोडा वेळ बंद ठेवा."

मी यंत्र बंद केलं. गिरणी एकदम गप्प झाली. हंगामात भरदुपारी ती शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. आक्काच्या छातीतला आवाजही त्यात ऐकू येत होता, पातेल्यावरचं झाकण हलतं तसा.

मॅडम एका पोत्यावर बसल्या आणि थोरल्या हमालाला समोर बसवलं. सुट्टी मिळते का, असं त्यांनी विचारलंच नाही. आधी गाव विचारलं, वेल्ह्याहून कसं येता विचारलं, घरी कोण कोण आहे विचारलं. त्यानं मात्र पाठ केलेलं मध्येच सांगून टाकलं.

"मंगळवारी सुट्टी असती मॅडम."

"हो का? मग परवाच्या मंगळवारी काय केलंत?"

"परवाच्या?" तो डोकं खाजवायला लागला. "परवा पोती लई आली. साठ-सत्तर उतरवली."

"सुट्टीच्या दिवशी?"

तो माझ्याकडं बघायला लागला. धाकटा भाऊ भिंतीकडं तोंड करून हसत होता. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घाबरू नका, तुमचं काही चुकलं नाही."

मग आक्का. आक्का काही हसण्यावारी नेणारी नव्हती. तिनं पदर तोंडावर धरला आणि सांगितलं, "मंगळवारी सुट्टी असती. घरीच असते. कपडे धुते." एवढं बोलताना दोनदा खोकली. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती भीती मॅडमची नव्हती. चाळणीवर दुसरी बाई बसलेली तिनं एकदा बघितली होती.

मॅडमनी तिला पाणी दिलं आणि मला बोलावलं. मी ठरवल्याप्रमाणं गप्प बसायला तयार होतो. त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट एका ओळीवर ठेवलं आणि वाचलं, "हे तुम्ही ना? दर मंगळवारी सुट्टी. आणि मागच्या महिन्यात दोन दिवस गैरहजर."

"काय?"

"दोन दिवस गैरहजर. चौदा आणि पंधरा."

नंतर कळलं, की सगळी ओळ भरलेली दिसली तर खोटी वाटेल म्हणून हिशेबनीसानं प्रत्येकाला एखाददुसरा दिवस गैरहजर टाकला होता. त्याच्या लेखी ती शोभा होती. पण मला तेव्हा हे माहीत नव्हतं, आणि असतं तरी फरक पडला नसता. माझ्या कानात एकदम ऊन शिरल्यासारखं झालं.

"गैरहजर? म्या? कुणी लिवलं हे? मॅडम, उठा तुमी, हिकडं या."

मी त्यांना दारापाशी नेलं. गिरणीचं जुनं सागवानी दार दिवसभर उघडं असतं, म्हणून त्याची आतली बाजू भिंतीला लागलेली असते, कुणाला दिसत नाही. त्यावर माझी हजेरी आहे. मोठ्या शेठनी एकदा सांगितलं होतं, मिस्त्री, कोण आलं कोण नाही ते तुम्ही बघत जा. तेव्हापासून मी रोज सकाळी विटेच्या तुकड्यानं खूण करतो. माझी उभी रेघ, आक्काचा गोल, हमालांच्या दोन फुल्या. एका दिवसाची एक रांग, वरून खाली. दिवाळीला गिरणी साफ होते तेव्हा ओल्या फडक्यानं पुसतो आणि परत वरून चालू करतो. मी दार ओढून पुढं केलं.

"मोजा," मी म्हणालो. "दिवाळीपास्नं हितंवर. एक रेघ कमी निघाली तर मिशी उतरवीन."

मॅडम खाली बसून बोट फिरवत वरपासून बघत आल्या. मग मोबाईल काढून दाराचे फोटो घेतले, एक वरचा, एक मधला, एक खालचा.

"एकही मोकळा दिवस नाही," त्या म्हणाल्या.

"एक बी न्हाई!" मी छाती पुढं काढून म्हणालो.

"मिस्त्री, तुम्ही मला काय दाखवलंत ते कळलं का तुम्हाला?"

तेव्हा कळलं. मागं वळून बघितलं तर हमाल तोंड उघडं टाकून उभे, आणि ऑफिसच्या काचेमागं शेठ. खोटं कशाला सांगू, मी आक्कासाठी काही केलं नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त ते दोन दिवस होते.

पण मॅडमचं बोट अजून दारावरच होतं. "इथं तीन दिवस गोल नाहीत. हे कुणाचे?"

"माझं," आक्का म्हणाली.

"रजिस्टरला ह्या तिन्ही दिवशी तुम्ही हजर आहात."

आक्कानं पदर तोंडावरून खाली घेतला आणि सगळं सांगितलं. दवाखाना, डॉक्टर काय म्हणाला, दुसरी बाई, जोडलेले हात. हळू आवाजात सांगितलं, मधे मधे थांबून, पण सगळं सांगितलं. पिशवीतून दवाखान्याचा घडी घातलेला कागद काढून दिला. तो कागद ती रोज बरोबर आणत होती, हे मला माहीत नव्हतं.

मॅडम दिवस कलेपर्यंत बसल्या. शेठला त्या ओरडल्या नाहीत. नोंदवहीत शेरा लिहिला आणि वाचून दाखवला. आठवड्याला एक ठरलेला बंद दिवस, तो पाटीवर रंगवायचा, त्या दिवशी कुणालाही बोलवायचं नाही. धूळ ओढायला पंखा, नाकाला चांगले मास्क, पट्ट्याला जाळी. आजारपणात रजा घेतली म्हणून कुणाची जागा काढायची नाही. खोट्या रजिस्टरबद्दल शेठनं लेखी उत्तर द्यायचं. "मी परत येणार आहे," त्या म्हणाल्या, "आणि सांगून येणार नाही."

त्या गेल्यावर शेठ माझ्याजवळ आला. "मिस्त्री, मी तुम्हाला घरचा माणूस समजत होतो."

"घरचा हाय म्हणून तर रोज आलो," मी म्हणालो. "आन् घरच्या माणसाला गैरहजर लिवलंत."

चार दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. पण पाटी रंगवली गेली. 'साप्ताहिक सुट्टी : बुधवार.' बुधवार मीच सुचवला, कारण बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कमी. पंखा आला, तो फार आवाज करतो आणि मला यंत्राचं नीट ऐकू येत नाही, पण धूळ ओढतो. मास्क आले. आक्काचा चेहरा मास्कमध्ये ओळखू येईना. धाकटा हमाल म्हणाला, "आक्का, आता चाळणीवर बसायच्या जागी डॉक्टरीण झालात."

"मग सुई टोचू का रे?" ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती काही बोलून हसली.

बुधवार जवळ आला तसा मी अस्वस्थ झालो. सगळ्या जगाची सुट्टी असू दे, पण मी घरी बसून काय करू? आणि घरी बसलो म्हणजे खाडाच की, पाटीवर काही लिहिलं असलं तरी. शेठला मी काय म्हणालो, तर म्हणालो, "म्या येतो बुधवारी. रोल साफ करीन, तेल घालीन. मला काय सुट्टी नको." शेठच्या तोंडावर पहिल्यांदा जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. "तुमची मर्जी," तो म्हणाला.

पहिल्या बुधवारी मी गेलो. कुलूप काढलं, दार उघडलं, सवयीनं रेघ मारली. तेल घालत होतो तर ओळखीतला एकजण दोन पोती घेऊन आला, घरात लग्न होतं. शेठही योगायोगानं आलेला. म्हणाला, "मिस्त्री आहेत तर दोन पोती काढून टाकू." मी यंत्र चालू केलं. यंत्र चालू झालं की पोतं ओतायला हमाल लागतो, ते मागच्या खोलीतच होते, आले. आणि लग्नाचा तांदूळ म्हणजे खडा चालत नाही. शेठनं थोरल्याला त्याच्या मोटरसायकलवर आक्काला आणायला पाठवलं.

अर्ध्या तासात आक्का आली. केस ओले होते, न्हाऊन बसली होती. माझ्याकडं बघितलं नाही. पदर खोचला, मास्क चढवला आणि चाळणीवर बसली. दोन पोत्यांची सात झाली. संध्याकाळ झाली.

मी तेव्हाही स्वतःला म्हणत होतो, मी काय तिला बोलावलं? शेठनं बोलावलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मॅडम आल्या. सांगून आल्या नाहीत. पाटी बघितली, पंखा बघितला, जाळी हलवून बघितली, आणि थेट दारापाशी जाऊन दार पुढं ओढलं. बुधवारच्या रांगेत माझी रेघ होती, गोल होता, दोन्ही फुल्या होत्या. मीच मारलेल्या.

"काल कोण आलं होतं?"

"म्या आलो होतो," मी सांगितलं. "आपल्या मर्जीनं. मला कुणी बोलावलं न्हाई."

"मग गोल कशाचा?"

मी फडक्यानं हात पुसायला लागलो.

"तुम्ही आलात म्हणून गिरणी उघडली. गिरणी उघडली म्हणून ह्यांना आणलं." त्या रागावल्या नव्हत्या, दमल्यासारख्या दिसत होत्या. "मिस्त्री, कायदा मी शेठना लावू शकते. आज नोटीस देणारच आहे. पण तुमच्या मर्जीला मी काय लावू?"

शेठच्या नावानं नोटीस लिहून त्या गेल्या. मी त्या दिवशी यंत्रावर उभा होतो, पण आवाज कानात जात नव्हता. दोन पोती कणी झाली. माझ्या हातून.

रात्री जेवताना मला आमच्या गावचा मोडा आठवला. आषाढात देवीचा वार धरून गाव मोडा पाळतं. त्या दिवशी शेतात काम करायचं नाही, औत धरायचं नाही. भर लावणीच्या दिवसांत पाळायचा, तेव्हा एकेक दिवस सोन्याचा असतो. माझा बाप हट्टी. एका मोड्याला तो म्हणाला, काम करत नाही, नुसतं बांधावरून पाणी बघून येतो. त्याला जाताना शेजारच्यानं बघितलं. तो खोरं घेऊन निघाला, ह्याच्या खाचरात पाणी कमी पडतंय की काय, माझं बघितलं पाहिजे. त्याच्या मागनं तिसरा. दुपारपर्यंत अर्धी वाडी खाचरात. संध्याकाळी जाणत्या माणसांनी बापाला देवळापुढं बोलावलं. तो म्हणाला, म्या हात पण लावला न्हाई चिखलाला. तर म्हाताऱ्या पुजाऱ्यानं सांगितलं, "हात लावल्याचं कोण म्हणतंय? मोड्याला शिवाराकडं बघायचं पण न्हाई. तू बघितलंस म्हणून बाकीच्यांना जावं लागलं." बापाला ते कधी पटलं नाही. मलाही लहानपणी वाटायचं, आपल्या बापाचं काय चुकलं.

पुढच्या बुधवारी सकाळी सातलाच शेठचा फोन आला.

"मिस्त्री, एक लोड आलाय. व्यापाऱ्याची गाडी उभी आहे. दार आतून लावून करू, तासाभराचं काम."

"आज सुट्टी हाय शेठ."

"तुम्हाला कधीपासून सुट्टी लागायला लागली?"

"आजपास्नं."

"मला दुसरा मिस्त्री बघावा लागेल मग."

ह्या वयात मला दुसरं कोण यंत्रापाशी उभं करणार? पण तोंडातून आलं तेच आलं. "बघा," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

मग घरात बसवेना. शेठला मी लहानपणापासून ओळखतो, तो एका दारानं नाही जमलं तर दुसऱ्या दारानं येतो. मी टोपी घातली आणि फाट्यावर जाऊन बसलो. गिरणीकडून आक्काच्या घराकडं जायचं तर फाट्यावरूनच जावं लागतं. एसटीचा थांबा तिथंच आहे, बसायला दगडी कट्टा आहे. ऊन कोवळं होतं. समोरच्या खाचरांत हरभरा चांगला आला होता.

पंधरा मिनिटांत थोरला हमाल मोटरसायकलवर आला. मला बघून थांबला.

"मिस्त्री, तुमी हितं?"

"तू कुठं निघालास?"

"आक्काला आणायला. शेठ म्हणत्यात, आक्का आली की मिस्त्री पण येतील, ती एकटी चाळणीवर बसलेली त्यांच्यानं बघवणार न्हाई."

मला हसू आलं. मोठ्या शेठचा पोरगा ओळखतो मला. "माघारी जा," मी म्हणालो. "शेठला सांग, आक्का येणार न्हाई. आन् आली तरी म्या येणार न्हाई. मग चाळणीत काय भात चाळायचं का सालासकट?"

"मला शिव्या बसतील."

"मला पण बसल्यात. बस हितं जरा, दोघं मिळून खाऊ."

तो गाडीवरच बसून राहिला. खिशातला फोन वाजला, त्यानं बघितलं आणि परत खिशात टाकला. मग म्हणाला, "मिस्त्री, आज माझी पण सुट्टीच की वो. महिना झाला, पोरीला बघितली न्हाई."

"मग गाडीला पेट्रोल हाय का?"

"येल्ह्यापर्यंत हाय."

"धाकट्याला फोन कर. त्याला पण घे."

धाकटा पळतच आला, हातात पिशवी. दोघं मोटरसायकल वळवून गेले. जाताना थोरला ओरडून काहीतरी म्हणाला, मला नीट ऐकू आलं नाही.

थोड्या वेळानं ओढ्याच्या बाजूनं आक्का आली. इस्त्रीची साडी, हातात डबा. मला बघून तिची पावलं थबकली. तिला वाटलं, मी बोलवायला आलोय.

"मिस्त्री..." ती म्हणाली.

"न्हाई, न्हाई. म्या आपला बसलोय. कुठं निघालात?"

"किकवीला, लेकीकडं. भोरला गाडी बदलायची." ती कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. दम लागला होता, पण त्या दिवशी खोकली नाही. "मघाशी फटफटीचा आवाज आला. कुणाची होती?"

"हमालांची. येल्ह्याला गेले दोघं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग गिरणीच्या रस्त्याकडं बघितलं. तिकडून काहीच आवाज येत नव्हता. ती बराच वेळ ऐकत राहिली, जसा मी यंत्रापाशी ऐकतो तशी.

"डब्यात काय?" मी विचारलं.

"वड्या. थांबा, दोन खावा."

"नको. लेकीला नेताय, कमी करू नका."

"तुमी ना," ती म्हणाली, आणि झाकण काढून दोन वड्या माझ्या हातावर ठेवल्याच.

एसटी आली. तिनं खिडकीची जागा धरली. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी उभा होतो. मग वड्या खाल्ल्या, धोतराला हात पुसले आणि घराकडं निघालो. शेठचा फोन दोनदा वाजला. उद्या आठ वाजता जाणार होतोच, जे काय बोलायचं ते तो तिथं बोलला असता.